चौदावा तुकडा

ईशान, मही,

गेल्या डिसेंबरात तुम्ही डोंबिवलीला आला होतात तेव्हा ईशान टॅबवर रंगीत ठोकळे सरकवत बसायचा. एका ठोकळ्यावर ‘पुढे चल’, दुसऱ्यावर ‘भिंत लागली तर वळ’, आणि एकाचा दाता दुसऱ्याच्या खाचेत बसला की टक् असा आवाज. पडद्यावरचा रोबोट त्याप्रमाणे चालायचा. मी मागे उभी राहून बघत होते, तर मही म्हणाली, "आजी, तुला नाही कळणार. हे कोडिंग आहे."

गॅसवर दूध होतं म्हणून मी आत गेले. नाहीतर सांगितलं असतं, की तिसरा आणि चौथा ठोकळा उलटसुलट लागलेत, म्हणून तो बिचारा सारखा भिंतीवर आपटतोय. असे ठोकळे मी तुमचा बाबा शाळेत होता तेव्हा हाताळले आहेत. ते लाकडाचे होते आणि आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांनी ते करवून घेतले होते. ते ठोकळे या पत्राबरोबर पाठवते आहे. नुसते पाठवले तर तुम्हाला काही कळणार नाही, म्हणून हे लिहिणं.

मला सगळं क्रमाने लिहायची सवय आहे. माझ्या वाणसामानाच्या यादीलाही क्रमांक असतात, त्यावरून तुमची आई हसते. पण या माणसाची आठवण क्रमाने येत नाही. ते स्वतःच प्रत्येक गोष्ट शेवटाकडून सुरू करायचे.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी नोकरी शोधत होते. बाबा शाळेत रुळला होता, आजोबांची बँकेची नोकरी होती, आणि मला घरात बसून कंटाळा आला होता. ठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल बनवणारी एक लहानशी कंपनी होती. कंट्रोल पॅनेल म्हणजे लोखंडी कपाट. कारखान्यातली कोणती मोटर कधी चालू व्हायची, कोणता नळ कधी बंद व्हायचा, हे ते कपाट ठरवतं. त्यांना इंग्रजीत माहितीपुस्तकं लिहायला आणि ड्रॉइंग नीट लावून ठेवायला कोणीतरी हवं होतं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं, वर फिजिक्सची पदवी. मी मुलाखतीची उत्तरं इंग्रजीत पाठ करून गेले.

खोलीच्या दाराशी पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर.’ आत देव नव्हता. आत शहाबादी फरशी होती आणि तिच्यावर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खडूने रेघा काढलेल्या होत्या. रेघांच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत सावरून, उकिडवे बसलेले एक साहेब.

"या. रेघांवर पाय देऊ नका," ते म्हणाले. "घराला कुलूप लावून आलात?"

"हो."

"कुलूप लावलं. त्याच्या आधी?"

"किल्ली घेतली."

"त्याच्या आधी?"

"गॅस बघितला. पंखा बंद केला."

"त्याच्या आधी?"

मला वाटलं माणसाचं डोकं ठिकाणावर नाही. पण मी उत्तर देत गेले. दूध झाकलं, मागचं दार लावलं, मुलासाठी शेजारणीला दुसरी किल्ली देऊन आले. मागे मागे जात शेवटी मी म्हणाले, "गेल्या रविवारी कुलपात तेल घातलं होतं. अडकत होतं."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "उद्यापासून या," म्हणाले. माझं इंग्रजी तसंच राहिलं.

त्या फरशीवरच्या रेघा म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. शिडी आठवा. दोन उभ्या रेघा आणि मध्ये आडव्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर डावीकडून वीज निघते आणि उजवीकडच्या मोटरकडे जायला बघते. वाटेत दारं असतात. टाकी भरली आहे का, हे एक दार. झाकण लावलं आहे का, हे दुसरं. सगळी दारं उघडी असली तरच मोटर फिरते. पूर्वी ही दारं खरोखरीची असायची, पॅनेलमध्ये टक् टक् वाजणारी. पुढे ती सगळी एका छोट्या इलेक्ट्रॉनिक खोक्यात गेली, पण चित्र शिडीचंच राहिलं.

साहेब म्हणायचे, "हवेत बोलू नका. जमिनीवर बोला." कारखान्याचे मालक यायचे, टाय लावलेले, आणि साहेब त्यांना बूट काढायला लावून फरशीवर बसवायचे, हातात खडू द्यायचे. काही लोक परत यायचे नाहीत. झाडू मारायला येणाऱ्या सुशीलाबाईंना त्या खोलीत परवानगीशिवाय झाडू लावता यायचा नाही. त्या कंबरेवर हात ठेवून वाट बघायच्या, आणि रोज वाट बघून बघून त्यांना शिडी वाचता यायला लागली. एकदा म्हणाल्या, "साहेब, ही पायरी पलीकडे पोचलीच नाही. पुसू का आता?" साहेबांनी बघितलं. खरंच एक रेघ सुटली होती. त्या दिवशी सुशीलाबाईंसाठी त्यांनी कॉफी मागवली. स्वतःसाठी नाही मागवली.

दुसरं म्हणणं त्यांचं असं, की आधी थांबायचं कसं ते काढा, मग सुरू करायचं कसं ते. हे कुठून आलं ते मला माहीत आहे. ते टेंभी नाक्याजवळ राहायचे. गोविंदाच्या दिवशी ऑफिसला सुट्टी, आणि मला त्यांच्या घरी एक ड्रॉइंग पोचवायचं होतं. गर्दीत मला ते नाक्यावरच भेटले, एका दुकानाच्या पायरीवर उभे, हातात वही. थर लागत होते. सगळी गर्दी वरच्या पोराकडे बघत होती. हंडी फुटली, एकच कल्लोळ झाला, लोक नाचायला लागले. साहेब मात्र खालच्या थराकडेच बघत होते.

"बाई, बघा," ते माझ्या कानाशी ओरडून म्हणाले. "चढायचा सराव महिनाभर केलाय. उतरायचं कोणी ठरवलेलं नाही. आता जो तो मनाला येईल तसा उतरतोय. हात मोडतात ते आत्ता मोडतात."

त्यानंतर आमच्या प्रत्येक ड्रॉइंगचं पहिलं पान लाल पेन्सिलीचं असायचं. त्यावर एकच गोष्ट: लाल बटण दाबलं तर काय काय आणि कोणत्या क्रमाने बंद होईल.

घरीही त्यांचं तेच. मुलीच्या लग्नात गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीवर त्यांनी चिमट्यांनी कार्डं लावली होती. ‘मुलगी अंतरपाटामागे उभी आहे.’ त्याच्या आधी ‘मामा तिला घेऊन आला आहे.’ त्याच्या आधी, त्याच्या आधी, असं करत दोरीचं दुसरं टोक हॉलच्या बुकिंगपर्यंत गेलं होतं. लग्न मिनिटाबरहुकूम लागलं. भटजींना इतका वेळ उरला की त्यांनी शांतपणे चहा घेतला. पण संध्याकाळी मुलगी सासरी निघाली तेव्हा साहेब हॉलच्या दारात नुसते उभे राहिले. त्यांना हलताच येईना. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, मला हळूच म्हणाल्या, "ह्याचं कार्डच लिहिलं नव्हतं त्यांनी. मी दोरी तपासली होती ना."

आता ठोकळ्यांकडे येते.

कारखान्यांतल्या इलेक्ट्रिशियनना आमची इंग्रजी ड्रॉइंग वाचता यायची नाहीत. ते मान डोलवायचे आणि मनाने तारा जोडायचे. यावर साहेबांनी कल्याणच्या एका सुताराकडून सागवानाचे तुकडे कापून आणले. नळाचा तुकडा निळा, मोटरचा लाल, तापवण्याचा पिवळा. प्रत्येकाच्या डाव्या बाजूला खाच, उजव्या बाजूला दाता. कुठे त्रिकोणी, कुठे अर्धगोल, कुठे चौकोनी. ज्या कामाच्या आधी जे काम झालंच पाहिजे, त्याचा दाता याच्या खाचेत बसायचा. दुसरा कोणताही बसायचा नाही.

"जे चूक आहे ते बसताच कामा नये," साहेब म्हणायचे. "समजावून सांगायची गरज पडली, म्हणजे आपलं काम अर्धवट राहिलं."

इलेक्ट्रिशियन लोकांना ते फार आवडलं. जेवणाच्या सुट्टीत डबे बाजूला सारून ते कारखाना मांडायचे.

नव्वदचं दशक लागताना ऑफिसात कॉम्प्युटर आला. साहेबांनी त्याच्या खोलीलाही ‘पादत्राणे बाहेर’ लावलं. त्यांच्या मनात असं होतं, की तुकडे माणसाने तरी का मांडायचे? कॉम्प्युटरला शेवट सांगायचा, ‘रंग तयार, भांडं थंड, झाकण उघडं’, आणि त्याने स्वतःच मागे मागे जात ‘त्याच्या आधी?’ विचारत सगळा क्रम लावायचा. मग पडद्यावर रंगीत चौकोन दाखवायचे, आणि शिडी आपोआप तयार. साहेबांना टाइप करता येत नव्हतं. ते सांगायचे, मी टाइप करायचे. दोन वर्षं आम्ही हे केलं. कॉम्प्युटर विचार करायला लागला की कधी पाच मिनिटं लागायची, कधी अर्धा तास. तेवढा वेळ साहेब कुजबुजत बोलायचे, घरात बाळ झोपलेलं असावं तसं. मीही कुजबुजायला लागले. घरी तुमचे आजोबा विचारायचे, "घसा बसलाय का?"

कॉम्प्युटरला शिकवायचं म्हणजे प्रत्येक कामाचा एक तक्ता भरायचा. तीन रकाने. हे काम करण्याआधी काय खरं असलं पाहिजे. केल्यावर काय खरं होतं. केल्यावर काय खरं राहत नाही. एवढंच. तक्ता साहेबांनी काढलेला, आणि भरायचं काम माझं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी काही विसरत नाही, अशी माझी ख्याती होती.

पहिलं खरं काम डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्याचं मिळालं. तिथे एक मोठं पोलादी भांडं होतं, खोलीएवढं. त्याला दुहेरी भिंत. दोन भिंतींच्या मध्ये आधी वाफ सोडायची, म्हणजे आतला माल तापतो. मग वाफ बंद करून तिथेच थंड पाणी सोडायचं, म्हणजे निवतो. हे सगळं हाताने करणारे ऑपरेटर होते बाळारामदादा. खाडीकाठच्या गावातले, अठरा वर्षं त्या एकाच भांड्याशी. मी वही घेऊन त्यांच्यामागे दोन दिवस फिरले. कारखान्याचे मॅनेजरही बरोबर असायचे, आणि माणसं किती वेळ फुकट घालवतात हे मला सांगत राहायचे.

"वाफ बंद केली," बाळारामदादा सांगत होते. "मंग हा खालचा नल खोलायचा. आतली वाफ, गरम पानी, समदा खाली जातो."

"मग?"

त्यांनी मॅनेजरकडे बघितलं. मग जमिनीकडे. "मंग जरा बसतो. मागं स्टूल हाय ना. तवर."

"आणि मग?"

"मंग थंड पानी चालू."

मॅनेजर हसले. "बघा मॅडम. मी काय सांगत होतो? स्टूल पण ठेवलंय राजाने."

माझ्या वहीत मी पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘मागच्या स्टुलावर बसतात, सुमारे दहा मिनिटं.’ संध्याकाळी ऑफिसात तक्ता भरताना मी त्या ओळीपाशी थांबले. तक्ता मॅनेजरकडे सहीला जाणार होता. या माणसाचं बसणं मी माझ्या हाताने कागदावर चढवायचं, आणि आधीच हसलेल्या मॅनेजरच्या हाती तो लेखी पुरावा द्यायचा? आणि तसंही बसणं हे काही काम नाही. बसल्याने काय खरं होतं, हे लिहायचं कोणत्या रकान्यात? मी ती ओळ सोडून दिली. मला तेव्हा वाटलं, आपण एका साध्या माणसावर उपकार केला.

खालचा नळ उघडला की भिंतींच्या मधली जागा रिकामी होते, असं मी लिहिलं. कॉम्प्युटरने ते खरं मानलं. त्याने बावीस तुकड्यांचा सुंदर क्रम लावला, आणि एका खेपेमागे वेळही वाचत होता. साहेबांनी ते बावीस तुकडे सागवानातही करवून घेतले. मॅनेजर खूश होते. साहेब तर पडद्यासमोर हात जोडून उभे राहिले. विनोदाने नाही.

चाचणी भांड्यात साधं पाणी भरून घ्यायची होती. खरा माल दुसऱ्या दिवशी. सकाळी अकराच्या सुमारास साहेबांनी बटण दाबलं. वाफ आली, भांडं तापलं, वाफ बंद झाली, खालचा नळ आपोआप उघडला. सगळे बघत होते. लगेच थंड पाणी सुरू झालं.

आणि भांड्याने लाथ मारल्यासारखा आवाज केला. मग दुसरा. जमीन हादरली. पाईपाच्या जोडातून गरम पाण्याची चिळकांडी उडाली. कोणी काही बोलायच्या आत बाळारामदादांनी पुढे होऊन लाल बटणावर हात मारला. साहेबांच्या लाल पानावर जे लिहिलं होतं ते ओळीने घडत गेलं, एकामागून एक झडपा बंद झाल्या, आणि सगळं शांत झालं. बाळारामदादांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. त्यांनी तो नळाखाली धरला होता आणि ते कोणाकडेच बघत नव्हते.

मॅनेजरच्या केबिनमध्ये आम्ही चौघं होतो.

"तुमचं मशीन ओके आहे साहेब," मॅनेजर म्हणाले. "प्रॉब्लेम हा आहे. ह्याला ऑटोमॅटिक नकोच होतं पहिल्यापासून. ह्याने काहीतरी हात लावला असणार. उद्यापासून गोडाऊनला पाठवतो, नाहीतर घरी."

बाळारामदादा म्हणाले, "मी हात नाय लावला साहेब. बटन दाबला त्येवढाच."

"मग आवाज कसा आला?"

त्यांना उत्तर येत असणार, पण ते द्यायचं म्हणजे आपलं बसणं पुन्हा मॅनेजरसमोर काढायचं.

साहेब खुर्चीवरून उठले आणि केबिनच्या फरशीवर उकिडवे बसले. खिशातून खडू काढला. "आवाज आला," ते म्हणाले आणि एक चौकोन काढला. "बाई, त्याच्या आधी?"

"थंड पाणी आलं," मी म्हणाले.

"त्याच्या आधी?"

"खालचा नळ उघडला."

"त्याच्या आधी?"

मला पुढचं उत्तर माहीत होतं. वाफ बंद झाली. तेवढं म्हणून मी मोकळी झाले असते, आणि कागद तपासले असते तर कागदही तेच म्हणाले असते. माझ्या पर्समध्ये ती वही होती. बाळारामदादांच्या हातावर कोणीतरी मलम लावलं होतं, त्याचा वास येत होता.

"साहेब, थांबा," मी म्हणाले. "नळ आणि थंड पाणी, या दोघांच्या मध्ये एक आहे. नळ उघडल्यावर हे मागे स्टुलावर बसतात. दहा मिनिटं. मला सांगितलं होतं यांनी. मी लिहिलं नाही."

मी वही काढून ओळ दाखवली. साहेबांनी ती वाचली, आणि मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

"म्हणजे बसायचाच ना हा?" मॅनेजर म्हणाले. "पगार बसायचा घेतो आणि वर..."

साहेबांनी त्यांना पुरं बोलू दिलं नाही. "बाळाराम," ते म्हणाले, "स्टूल कुठे असतं?"

दुरुस्ती झाल्यावर, दुपारी, त्यांनी सगळं पुन्हा जुन्या पद्धतीने, हाताने करायला लावलं. बाळारामदादांनी डाव्या हाताने वाफ बंद केली, खालचा नळ उघडला. साहेब मॅनेजरना घेऊन भांड्यामागे गेले. स्टूल बरोबर खालच्या पाईपाशेजारी होतं.

"बसा," साहेब मॅनेजरना म्हणाले.

"मी?"

"बसा हो."

मॅनेजर बसले. पाईप सूं सूं करत होता. बाळारामदादा उभे राहून सांगत होते, पहिल्यांदाच मोकळेपणी. "पयले असाच बोंबलतो. आता बगा, थुकल्यासारका करंल. केला? आता गप बसा. आता थेंब. टप, टप. थेंब सुटे ऐकाले आले का समजायचा, आत काय नाय ऱ्हायला. मंग मी उठतो."

"हे आधी का नाही सांगितलंस?" मॅनेजर म्हणाले.

"मना कोनी ईचारला नाय. बसतो कशाला, ता कोनी ईचारलाच नाय."

मॅनेजर थेंब ऐकू येईपर्यंत बसून राहिले. साडेनऊ मिनिटं लागली. आत वाफ उरलेली असताना थंड पाणी सोडलं तर ती एकदम आकसते आणि पाणी हातोड्यासारखं आपटतं, सकाळचा आवाज तोच होता. उठताना त्यांनी स्टूल नीट भिंतीला लावून ठेवलं. गोडाऊनचा विषय पुन्हा निघाला नाही.

परत येताना स्टेशनजवळ चहाला थांबलो तेव्हा मीच म्हणाले, "मी मुद्दाम गाळलं. त्यांचं भलं होईल म्हणून."

"तुमच्या तक्त्यात त्याला जागा होती?"

"नव्हती."

"तक्ता कोणी काढला?"

"तुम्ही."

ते चहा प्यायले. मला वाटलं, विषय संपला. मग म्हणाले, "पण बाई, लिहायचं नव्हतं तर मला येऊन सांगायचं होतं." एवढंच. पुढचा आठवडाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि ते मला योग्य वाटलं.

त्या आठवड्यात ते कल्याणला सुताराकडे गेले आणि एक नवा तुकडा करून आणला. त्याला रंग दिला नव्हता, नुसता पांढरा हात मारला होता. खालच्या नळाच्या निळ्या तेराव्या तुकड्यानंतर तो बसायचा, आणि थंड पाण्याच्या तुकड्याची खाच बदलून घेतली, म्हणजे तो थेट तेराव्याला बसणार नाही. पाईपावर उष्णता मोजणारं एक यंत्र लावलं, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. स्टुलाशेजारच्या भिंतीवर एक हिरवं बटण बसवलं. बाळारामदादांनी थेंब ऐकून ते दाबल्याशिवाय थंड पाणी येणार नाही. कॉम्प्युटरच्या तक्त्याला चौथा रकाना आला: ‘कोणाला आणि कशावरून कळतं.’ आमच्या पुढच्या सगळ्या कामांत मला सर्वात जास्त वेळ त्या चौथ्या रकान्याला लागायचा.

पांढऱ्या तुकड्यावर साहेबांनी काळ्या शाईने लिहिलं, ‘बसणे’. आणि इंग्रजी माहितीपुस्तक माझ्याकडे होतं. मी ‘निरीक्षण’, ‘खातरजमा’ वगैरे चांगले इंग्रजी शब्द सुचवले. साहेबांनी एकेक खोडला. शेवटी पुस्तकात, मॅनेजरच्या सहीने, छापून आलं: ‘पायरी चौदा. ऑपरेटर शॅल सिट.’ माझ्या इंग्रजी शाळेतल्या बाईंना ते वाक्य आवडलं असतं. एवढं स्पष्ट वाक्य मी नंतर कधी लिहिलं नाही.

काम सुरळीत सुरू झालं त्या दिवशी बाळारामदादा साहेबांना म्हणाले, "तो पांढरा मना देता का? घरी दावायला." साहेबांनी खिशातून काढून दिला.

साहेबांचा प्रोग्राम फार कारखान्यांत गेला नाही. चारपाच वर्षांत परदेशी कंपन्यांचे तयार प्रोग्राम आले, त्यांत माउसने चित्रं सरकवायची सोय होती आणि पडद्यावर हजार रंग होते. आमची कंपनी दुसऱ्या कोणी घेतली. खोलीत नवी गुळगुळीत फरशी आली, तिच्यावर खडू उमटत नाही. सुशीलाबाई म्हणाल्या, "पुसायला सोपी आहे, पण बघायला काही नाही." साहेब निवृत्त होऊन खडवलीला नदीजवळ छोटी जागा घेऊन राहिले.

मी एकदाच गेले तिथे. उन्हाळा होता. वहिनींनी आंबापोळी दिली आणि तक्रार केली, "दिवसभर नुसते बसून असतात हो. तिकडे, पंपाजवळ."

साहेब झाडांच्या पाण्याची टाकी भरणाऱ्या पंपाशेजारी एका स्टुलावर बसले होते, मान एका बाजूला कलती करून. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी चपला काढल्या आणि शेजारी उभी राहिले. थोड्या वेळाने टाकी भरण्याचा आवाज बदलला, तो मलाही कळला. त्यांनी पंप बंद केला आणि वहिनींना हाक मारून म्हणाले, "अगं, बाईंना विचार, मी काय करत होतो ते."

निघताना त्यांनी मला बिस्किटांचा हा पत्र्याचा डबा दिला. त्या भांड्याचे तुकडे त्यात आहेत. दोन वर्षांनी ते गेल्याचं वहिनींच्या पत्रातून कळलं.

तर आता डबा तुमच्याकडे. प्रत्येक तुकड्याच्या मागे माझ्या अक्षरात क्रमांक आहे. तेरापर्यंत ते स्वच्छ आहेत. त्यापुढच्या प्रत्येकावर जुना आकडा खोडून एक वाढवलेला दिसेल. माझ्या हातची खाडाखोड तुम्हाला दुसरीकडे कुठे सापडायची नाही. तुकडे मांडताना तेरानंतर पुढचा बसणार नाही. जोर लावू नका. मही, तू मोजशील आणि फोन करशील की एक हरवला, म्हणून झाकणाच्या आत यादी चिकटवली आहे. तिच्यात ती ओळ अशी आहे:

१४. पांढरा. बसणे. बाळारामदादांकडे.